अश्वगंधा : टॉनिक की औषध?

सबमिशन संपून पी.एल. लागली की होस्टेलच्या खोल्यांमधल्या फळीवर नवे पाहुणे दिसू लागतात. लोणच्याची बरणी आणि चिवड्याचा डबा यांच्या शेजारी अश्वगंधाची डबी येऊन बसते. कुणाला आईने बॅगेत घालून दिलेली असते, कुणी जिममधल्या दादाच्या सांगण्यावरून आणलेली असते, तर कुणी परीक्षेचं टेन्शन जावं म्हणून ऑनलाइन मागवलेली असते. काय रे हे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "अरे काही नाही, टॉनिक आहे. आयुर्वेदिक आहे, त्याला साइड इफेक्ट नसतो."

मित्रांनो, हा लेख या एका वाक्याबद्दल आहे. अश्वगंधा म्हणजे थोतांड, असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट तिचा शरीरावर परिणाम होतो याचा थोडाफार पुरावा आता हाताशी आहे. पण ज्या वस्तूचा परिणाम होतो, तिला मात्रा असते, मुदत असते आणि ती कुणी घेऊ नये याचीही यादी असते. आपल्या वाटच्या वैद्यांना हे पक्कं ठाऊक होतं. डबीवरचा घोडा पाहून विकत घेणाऱ्या आपल्याला मात्र ते कुणी सांगत नाही.

वांग्याच्या घराण्यातलं झुडूप

अश्वगंधेला मराठीत आस्कंद असंही नाव आहे. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. यातल्या 'सोम्निफेरा'चा अर्थ 'झोप आणणारी' असा होतो. हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अश्वगंधा या नावाचं कारण तिच्या ओल्या मुळाला येणारा घोड्यासारखा वास. घेणाऱ्याच्या अंगात घोड्याचं बळ येतं, हा अर्थही लोकांनी त्याला जोडला आहे, आणि जाहिरातवाल्यांना अर्थातच तोच जास्त आवडतो.

वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने हे झुडूप वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची यांच्या कुळातलं. तंबाखू आणि धोतराही याच कुळातले. म्हणजे भरिताचं वांगं आणि विषारी धोतरा एकाच घरचे. तेव्हा 'वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी आहे' हा युक्तिवाद निदान या घराण्याच्या बाबतीत तरी करू नये.

झुडूप साधारण कमरेएवढं वाढतं. फळं वाटाण्याएवढी, पिकल्यावर लालकेशरी, आणि त्यांच्यावर रसभरीला असतं तसं कागदी वेष्टन. कमी पाण्याच्या, हलक्या जमिनीत हे पीक येतं. मध्य प्रदेशातल्या नीमच आणि मंदसौर भागात याची मोठी शेती आहे आणि नीमचच्या बाजारात या मुळांचा मोठा व्यापार चालतो. राजस्थानातल्या नागौरवरून 'नागोरी' असं नाव पडलेली अश्वगंधा जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात आजही मागितली जाते. पावसाळ्यात पेरलेलं पीक पाच-सहा महिन्यांनी मुळासकट उपटतात. मुळं तोडून वाळवतात आणि लांबी-जाडीनुसार त्यांची प्रतवारी लावतात. चांगलं मूळ आतून पांढरं, पिठूळ असतं आणि कट्‌कन मोडतं.

औषध म्हणून वापरायचं ते मूळ. हे वाक्य साधं वाटतं, पण त्यामागे बरंच काही आहे. या झाडात विथानोलाइड नावाच्या रसायनांचा एक गट असतो आणि औषधी गुणांचं श्रेय बहुतेक वेळा त्यालाच दिलं जातं. ही रसायनं मुळात असतात तशी पानांतही असतात, पण प्रमाण वेगळं असतं. विथाफेरिन-ए नावाचं, पेशींना मारक ठरू शकणारं रसायन पानांत मुळापेक्षा जास्त असतं. त्यातून पानं स्वस्त. मुळासाठी अख्खं झाड उपटावं लागतं, पानं मात्र फुकटात मिळाल्यासारखी. त्यामुळे अर्क काढताना पानं मिसळायचा मोह होतो. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना लेखी सांगावं लागलं की अश्वगंधेची पानं वापरू नका, ग्रंथांत सांगितलेलं मूळच वापरा.

जुने ग्रंथ, नव्या चाचण्या

चरकसंहितेत औषधांचे दहा-दहाचे गट केलेले आहेत. त्यातल्या 'बल्य' म्हणजे ताकद देणाऱ्या आणि 'बृंहणीय' म्हणजे अंग भरून आणणाऱ्या, अशा दोन्ही गटांत अश्वगंधा आहे. आजारातून उठलेला, वाळलेला, झोप उडालेला माणूस हा तिचा पारंपरिक रोगी. चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, बहुधा दूध-तूप-साखरेबरोबर. आणि वैद्य ती देण्याआधी पोट कसं आहे ते विचारतो, कारण हे औषध पचायला जड. मेसचं जेवण पचत नाही म्हणून सारखा पोट धरून बसणाऱ्याला कुठलाही जाणता वैद्य पहिल्याच दिवशी अश्वगंधा देणार नाही.

आता आधुनिक बाजू. १९४७ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ लाझारेव यांनी 'अडॅप्टोजेन' हा शब्द काढला. शरीराला कुठल्याही ताणाशी जुळवून घ्यायला मदत करणारं द्रव्य, असा त्याचा ढोबळ अर्थ. आज अश्वगंधेच्या प्रत्येक डबीवर हा शब्द असतो. पण शब्दाने काही सिद्ध होत नाही, त्यासाठी चाचणी लागते.

सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीचा. सततच्या ताणाची तक्रार असलेले ६४ प्रौढ घेतले. निम्म्यांना मुळाच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. कुणाला काय मिळतंय ते देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. ६० दिवसांनी प्रश्नावलीतले ताणाचे गुण अश्वगंधा गटात सरासरी ४४ टक्क्यांनी उतरले, दुसऱ्या गटात साडेपाच टक्क्यांनी. रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, एका गटात सुमारे २८ टक्के आणि दुसऱ्यात ८ टक्के कमी झालं.

आकडे चांगले आहेत, यात शंका नाही. पण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी म्हणून आपण सॅम्पल साइझ विचारणारच. ६४ म्हणजे आपल्या एका डिव्हिजनएवढी मुलं. शिवाय या विषयातल्या बऱ्याच चाचण्यांत अर्क बनवणाऱ्या कंपनीचा हात असतो. कुणी पुरवठा करतं, कुणी खर्च उचलतं. त्याने निकाल खोटा ठरत नाही, पण एकाच कंपनीच्या सिमेंटचे क्यूब त्याच कंपनीच्या लॅबमध्ये फोडले तर आपण जेवढा विश्वास ठेवू, तेवढाच इथे ठेवावा.

झोपेबद्दल २०२१ साली पाच चाचण्यांमधल्या एकूण ४०० लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. फायदा दिसला, पण लहान. निद्रानाश असलेल्यांना जास्त, रोज ६०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अर्क घेणाऱ्यांना जास्त, आणि निदान आठ आठवडे घेणाऱ्यांना जास्त. म्हणजे चाचणी ताणाची असो की झोपेची, मुदत दोन महिन्यांच्या आसपासच येते. पंधरा दिवसांच्या पी.एल.मध्ये डबी उघडून 'एम-थ्री'च्या पेपरपर्यंत मन शांत होईल अशी आशा धरायला या चाचण्यांत काही आधार नाही. आणि रात्री बारा वाजता दुधातून अश्वगंधा घेऊन, वर कडक कॉफी पिऊन, पुस्तक उघडणाऱ्यांनी 'सोम्निफेरा'चा अर्थ आठवावा. एकाच वेळी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबण्याचा हा प्रकार आहे.

'स्मरणशक्ती वाढते' या दाव्याची गोष्ट थोडी गमतीची आहे. यामागे दाखवली जाणारी २०१७ ची चाचणी ५० प्रौढांवर झाली होती, आणि ते सगळे स्मरणशक्ती आधीच थोडी घसरलेले लोक होते. विशीतल्या, धडधाकट, फक्त शेवटच्या रात्री अभ्यास करणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळेल ते त्या चाचणीवरून सांगता येत नाही. उंची वाढवण्याच्या जाहिरातींबद्दल तर एकच वाक्य पुरे. हाडांच्या टोकांची वाढीची जागा बंद झाली की कुठल्याही चूर्णाने ती उघडत नाही.

जिमवाल्यांसाठी २०१५ ची एक चाचणी आहे. ५७ तरुण-मध्यमवयीन पुरुष, वजनं उचलण्याचा फारसा अनुभव नसलेले. सगळ्यांना आठ आठवडे एकसारखा व्यायाम, निम्म्यांना रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क. बेंच प्रेसवर एकदाच उचलता येणारं जास्तीत जास्त वजन अश्वगंधा गटात सरासरी ४६ किलोने वाढलं. हा आकडा तुम्ही जाहिरातीत वाचला असेल. जाहिरातीत न छापलेला आकडा असा, की नुसता व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटातही ते २६ किलोने वाढलं. म्हणजे निम्म्याहून जास्त काम रोज सकाळी उठून जिमला जाण्याने झालं होतं, आणि त्याला फक्त गजर लावावा लागतो.

५०० मिलिग्रॅम कशाचे?

आता थोडं गणित. डबीवर मोठ्या अक्षरांत '५०० मि.ग्रॅ.' छापलेलं असतं. हे कशाचे मिलिग्रॅम? वाळलेल्या मुळाच्या पुडीचे की अर्काचे? आणि अर्काचे असतील तर किती तीव्रतेच्या? रेझिस्टरवर '४७०' लिहिलं आणि ओहम की किलोओहम ते लिहिलंच नाही, तर सर्किटचं काय होईल, तसाच हा प्रकार.

हिशोबापुरतं समजा, मुळाच्या पुडीत विथानोलाइड अर्धा टक्का आहेत. ५ ग्रॅम चूर्ण घेतलं तर पोटात गेले २५ मिलिग्रॅम. आता ५ टक्के विथानोलाइडचा अर्क घ्या. वरच्या चाचण्यांप्रमाणे दिवसाला ६०० मिलिग्रॅम घेतला तर झाले ३० मिलिग्रॅम. म्हणजे वैद्यांची मात्रा आणि चाचणीची मात्रा जवळपास एकाच ठिकाणी येतात. इथपर्यंत ठीक आहे. पण बाजारात १० टक्क्यांचे अर्क आहेत, ३५ टक्क्यांचेही आहेत. ३५ टक्क्यांचा अर्क कुणी 'मित्र ६०० घेतो म्हणून मीपण ६००' अशा हिशोबाने घेतला तर २१० मिलिग्रॅम, म्हणजे सातपट. अशा तीव्र अर्कांची मात्रा बनवणारे कमीच सांगतात, पण ती डबीच्या मागे बारीक अक्षरांत असते, आणि खोलीतल्या पाच जणांत फिरणाऱ्या डबीचा मागचा भाग कोण वाचतो? त्यातून हे टक्केही मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून. वजनावरून मोजलं तर एक आकडा, एच.पी.एल.सी. यंत्रावर मोजलं तर बहुधा त्याहून कमी. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

चमच्याचाही घोळ आहे. चहाचा सपाट चमचा चूर्ण साधारण ३ ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. शीग लावलेला मेसचा मोठा चमचा म्हणजे त्याच्या कितीतरी पट. ज्यांना हौस आहे त्यांनी केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर एकदा स्वतःचा चमचा तोलून पाहावा.

लेबलची आणखी एक गंमत. आपल्या देशात हीच अश्वगंधा दोन वेगवेगळ्या दारांनी बाजारात येते. एक दार औषधांचं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना, आणि लेबलवर तसं लिहिणं बंधनकारक. दुसरं दार खाद्यपदार्थांचं. तिथे एफ.एस.एस.ए.आय.चा १४ अंकी क्रमांक, 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' असं नाव, आणि सोबत 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना. म्हणजे झाड तेच, मूळ तेच, पण एका डबीवर 'औषध' आणि दुसऱ्या डबीवर 'औषध नव्हे'. आपल्या शरीराला ही सरकारी विभागणी कळत नाही.

डबी घ्यायचीच असेल तर तिच्यावर मूळच वापरल्याचं लिहिलेलं असावं, अर्क असेल तर त्याची टक्केवारी असावी, आणि परवाना, बॅच नंबर, तारीख असावी. जड धातूंचा प्रश्नही आहेच. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला होता. ती सगळ्या प्रकारची औषधं होती, नुसती अश्वगंधा नव्हे. पण मुळं मातीतून येतात, आणि मातीत जे असतं ते मुळात येऊ शकतं. आयुर्वेदिक औषधांसाठी शिशाची मर्यादा दशलक्षात १० भाग आणि आर्सेनिकची ३ भाग अशी ठरवलेली आहे. चांगल्या कंपन्या बॅचचा तपासणी अहवाल मागितल्यावर देतात. एक मेल टाकून बघायला हरकत नाही.

आणि लेबलच नसलेली पुडी? जिममध्ये कागदात बांधून मिळणारी, 'आमच्या गावच्या बाबांची आयुर्वेदिक पावडर'? ती घेऊच नका, हे मी स्पष्ट सांगतो. दम्याच्या आणि सांधेदुखीच्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार अनेकदा उघडकीला आलेले आहेत. स्टिरॉइडनेही भूक वाढते, चेहरा भरतो, वजन पटकन चढतं. त्यामुळे दोन आठवड्यांत 'अंग धरलं' म्हणून खूश होण्याआधी कशाने धरलं ते विचारायला हवं.

होस्टेलमधली कावीळ

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

२०२० साली एका वैद्यकीय नियतकालिकात अश्वगंधेमुळे यकृताला इजा झालेल्या पाच रुग्णांची माहिती आली. तिघे आइसलंडचे, दोघे अमेरिकेतले. अश्वगंधा सुरू केल्यावर २ ते १२ आठवड्यांत कावीळ आणि अंगाला प्रचंड खाज. औषध बंद केल्यावर सगळे बरे झाले, पण त्याला एक ते पाच महिने लागले. ही परदेशातली गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. मग २०२३ साली भारतातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांमधून अशीच माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. त्यात आठ रुग्ण असे होते की ज्यांनी फक्त अश्वगंधाच घेतली होती, दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. पाच जणांना यकृताचा जुना आजार होता. त्यातल्या तिघांचं यकृत निकामी होत गेलं आणि ते वाचले नाहीत. बाकीच्यांची कावीळ लांबली, पण उतरली.

याच सुमारास, २०२३ साली, डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. त्यांच्या तज्ज्ञांचा आक्षेप थायरॉइड आणि लैंगिक संप्रेरकांवरच्या परिणामांबद्दल आणि गर्भपाताच्या शक्यतेबद्दल होता. या निर्णयावर भारतातून टीका झाली, आणि मलाही सरसकट बंदी अतिरेकी वाटते. आपल्याकडे ही वनस्पती शेकडो वर्षं वापरात आहे. २०२० च्या कोविड काळात तर आयुष मंत्रालयाच्या उपचार-सूचनांमध्येच तिचं नाव होतं आणि घरोघरी ती घेतली गेली. एवढ्या लोकांत यकृताची इजा नोंदली गेली ती मोजक्यांना. म्हणजे हा धोका दुर्मीळ आहे. पण तो कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि मात्रेच्या हिशोबात राहिलं म्हणजे सुटलो असंही नाही. ओव्हरलोड झाल्यावर फ्यूज उडतो, तसा हा प्रकार नाही.

मग होस्टेलचा आणि याचा संबंध काय? संबंध असा की होस्टेलमध्ये कुणाला कावीळ झाली की आपण सगळे एकाच दिशेला बोट दाखवतो, मेसचं पाणी. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस 'ए'ला लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस लागतात, 'ई'ला दोन ते दहा आठवडे. आता वरचा आकडा पुन्हा पाहा. अश्वगंधेच्या कावीळीला २ ते १२ आठवडे. कॅलेंडर पाहून दोन्हींत फरक करता येत नाही. डोळे दोन्हींत पिवळे होतात, लघवी दोन्हींत गडद होते, भूक दोन्हींत जाते.

डॉक्टर विचारतात, "काही औषधं चालू आहेत का?" आणि मुलगा अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "नाही." कारण त्याच्या लेखी फळीवरची डबी औषध नाहीच, टॉनिक आहे! बरोबर आलेला रूममेटही काही बोलत नाही. पाण्याच्या काविळीची तपासणी होते, आराम सांगितला जातो, मुलगा खोलीवर परत येतो. आणि आजारपणाने अशक्तपणा आलाय म्हणून आता दुप्पट निष्ठेने दुधातून अश्वगंधा घेऊ लागतो. घरी गेला तर त्यात गावठी काविळीच्या औषधाची भर पडते, कुठला पाला वाटून दिलेला तेही माहीत नसतं. यकृत आधीच दमलेलं, आणि बंद करायची ती एकच गोष्ट चालू राहते.

म्हणून रेक्टर सरांना आणि सिक-रूम सांभाळणाऱ्यांना विनंती आहे की आजारी मुलाला 'औषध घेतोस का' एवढंच विचारू नका. 'चूर्ण, पावडर, कॅप्सूल, काढा, जिमचं काही घेतोस का' असं नाव घेऊन विचारा. आणि मित्रांनो, रूममेटला दवाखान्यात नेताना त्याच्या फळीवरच्या सगळ्या डब्या पिशवीत टाकून बरोबर न्या. डॉक्टर हसले तर हसू देत. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, उलट्या, किंवा पुरळ नसताना अंगभर खाज, यातलं काही दिसलं तर अश्वगंधा त्याच दिवशी बंद. 'डबी संपेपर्यंत घेतो, पैसे गेलेत' हा हिशोब इथे चालणार नाही. रक्तात बिलिरुबिन, एस.जी.पी.टी., अल्कलाइन फॉस्फटेज आणि त्याबरोबर हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई'च्या चाचण्या झाल्या म्हणजे चित्र बरंचसं स्पष्ट होतं.

कुणी दूर राहावं

ज्याला यकृताचा कुठलाही आजार आहे किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली आहे, त्याने अश्वगंधेच्या वाटेला जाऊ नये. क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको. त्या गोळ्या स्वतःच यकृतावर भार टाकतात, आणि कावीळ झालीच तर दोष कुणाचा हे ठरवताना क्षयाचं महत्त्वाचं औषध थांबवावं लागतं. तापासाठी वाटेल तशा पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या घेणारे आणि शनिवार रात्रीवाले, यांनीही यकृताचा विचार करावा. (अश्वगंधारिष्टात आंबवण्याच्या प्रक्रियेतून मद्यार्क तयार होतो, हे अनेकांना माहीत नसतं. दारूबरोबर घेऊ नका असं सांगितलेली गोळी चालू असेल तर अरिष्टही नको.)

गर्ल्स होस्टेलसाठी थायरॉइडचा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुलींची संख्या जास्त असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत थायरॉइड किंचित मंद असलेल्या ५० जणांपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम अर्क दिला. त्यांचं टी.एस.एच. उतरलं आणि थायरॉइड संप्रेरकं वाढली. ऐकायला बरं वाटतं. पण गोळीची मात्रा आधीच मोजूनमापून ठरलेली असेल, तर वरून हा धक्का म्हणजे मात्रा बिघडणं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न येणं सुरू होतं, आणि आपल्याला वाटतं की परीक्षेचं टेन्शन आहे. थायरॉइड आधीच जास्त चालत असेल तर अश्वगंधा अजिबात नको. स्टाफपैकी ज्या मॅडम गरोदर आहेत किंवा बाळाला पाजतात, त्यांनीही घेऊ नये. झोपेच्या, फिटच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करावी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. सर्दीची झोप आणणारी गोळी आणि अश्वगंधा एकाच रात्री घेतली तर सकाळच्या ओरलला काय होईल ते सांगायला नको.

बाकी ज्याला काही आजार नाही, औषध चालू नाही, आणि खरोखर झोप लागत नाही किंवा सतत धास्ती वाटते, त्याने वैद्यांना दाखवून, एकाच चांगल्या बनावटीची, ठरलेल्या मात्रेत, दोन-तीन महिने घेऊन पाहायला हरकत नाही. त्यापुढे किती काळ सुरक्षित आहे याबद्दल पुरेसा अभ्यास झालेला नाही, तेव्हा तिथे थांबावं. सुरुवातीला पोट बिघडणं, मळमळ, दिवसा झापड येणं हे त्रास होऊ शकतात. आणि धास्ती एवढी असेल की जेवण जात नाही, वर्गात बसवत नाही, जगणंच नको वाटतं, तर ते चूर्णाचं काम नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं, आणि एकट्याने जायची लाज वाटत असेल तर कुणाला तरी बरोबर घेऊन जायचं.

औषधाने त्रास झाला तर त्याची नोंद कुणीही करू शकतं, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा फुकट फोन क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. आयुर्वेदिक औषधांसाठी २०१८ पासून वेगळी यंत्रणाही आहे आणि तिचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. फोन करताना डबी हातात ठेवा. कंपनीचं नाव, बॅच नंबर, किती दिवस घेतली आणि रोज किती, हे सगळं ते विचारतात.